सुचलं नाही

आई, गुरुवारी डोळ्यांच्या दवाखान्यात तुझी ती सोबतीण भेटली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुझ्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसायची ती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, पाठ पार वाकलेली. मी तिला ओळखलं नाही. मी खिडकीवर माझा नंबर कितवा ते विचारत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी तुझं नाव घेतलं आणि म्हणालं, "तिची मुलगी ना तू?" माझा चेहरा तिला नीट दिसतही नव्हता. तिने मला आवाजावरून ओळखलं. तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि तुझा आवाज अजून माझ्या तोंडात आहे, हे मला त्या बाकावर कळलं. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. आज रविवार, शाळा नाही. एका माणसाचा स्वयंपाक तो केवढा, अकरालाच जेवून झालं. भांडी घासली, ओटा पुसला, परत एकदा पुसला. मग वही काढली.

तुझी सकाळची पाळी असली की तू सहाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बशीतून चहा पीत असायचीस. बाबा दापोऱ्याला शेतावर निघून गेलेले असायचे, धाकटा भाऊ पाय पसरून झोपलेला. मी वेणी घालायला कंगवा घेऊन तुझ्यासमोर बसायचे आणि तू माझे केस विंचरता विंचरता हळू आवाजात बोलत राहायचीस. मला वाटायचं देवाचं म्हणतेस. एकदा नीट कान दिला तर वेगळंच. "आज कोणीतरी ओरडणार. म्हणणार, झोपल्या होत्या का बाई. एखादा शिवी पण देणार. त्याचा ट्रंक कॉल लागत नसणार, घरी काहीतरी अडलेलं असणार, आणि त्याला वाटणार की मीच त्याची लाईन दाबून बसलेय. त्याला तसंच वाटणार, त्याला इथलं काय दिसतंय? त्याचं ओरडणं माझ्या हातात नाही. माझा आवाज माझ्या हातात आहे." एवढं झालं की बशी विसळायचीस, पदर खोचायचीस आणि निघायचीस. मला वाटायचं सगळ्यांच्याच आया कामावर जाताना असं काहीतरी म्हणत असतील. हे कुठे शिकलीस म्हणून विचारलं तर हसलीस. "बोर्डावर," म्हणालीस. "दिवसभर माणसं कानात येतात गं. चूक करायची म्हणून कोणी करत नाही. त्या घडीला त्याला तेच बरोबर वाटतं."

शाळा सुटली की मी कधी कधी एक्स्चेंजवर यायचे, आठवतं? जिना चढून वर, बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत. दाराच्या फटीतून बोर्ड दिसायचा. तुम्ही चौघी ओळीने बसलेल्या, डोक्यावर हेडफोनची पट्टी, हात सारखे वर-खाली, कॉर्ड उपसताय, खोचताय. "खंडवा, बोला." "जळगाव, लाईनवर राहा." तुझ्या केसांत त्या पट्टीचा एक खोलगट पट्टा कायमचा पडला होता. तुला शेवटची आंघोळ घालताना मी तिथून बोट फिरवलं. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली होती, तरी तिथे केस दबलेलेच होते.

मी चौदा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी तुझी साप्ताहिक सुट्टी होती. तू घरी पापड लाटत होतीस. सकाळी अकराच्या सुमाराला रावेरहून मामाने एक्स्चेंजला फोन केला की आबांचं काही खरं नाही, ताईला ताबडतोब पाठवा. आपल्या घरी फोन नव्हता. तुझ्या सोबतिणीने निरोप चिठ्ठीवर लिहून घेतला, शिपायाबरोबर पाठवते म्हणाली. कापसाचे दिवस होते, व्यापाऱ्यांचे कॉल एकावर एक. चिठ्ठी रजिस्टरखाली गेली आणि ती विसरली. रावेर आपल्यापासून तासाभरावर. तू दिवसभर पापड लाटत राहिलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू ड्यूटीवर बसलीस, रावेरचा दिवा लागला, तू कॉर्ड खोचून "बुरहानपूर, बोला" म्हणालीस आणि पलीकडे मामा होता. "काल निरोप दिला होता ना? दिवसभर दाराकडे बघत होते ते. रात्री गेले. तुझी वाट बघून आत्ताच नेलं." तू कसला निरोप म्हणून विचारलंस, ते शेजारच्या खुर्चीवर तिने ऐकलं. तिने रजिस्टर उचललं, आणि चिठ्ठी तिथेच होती.

तू रावेरहून चौथ्या दिवशी परत आलीस आणि पाचव्या दिवशी कामावर गेलीस, त्याच खुर्चीवर. मला ते सहनच झालं नाही. घरी तू काही बोलत नव्हतीस. न्हाणीघरात नळ मोठा सोडून बराच वेळ आत राहायचीस, डोळे लाल करून बाहेर यायचीस आणि पोळ्या लाटायला बसायचीस. मला वाटलं, हिला भांडता येत नाही तर मी भांडते. शाळा सुटल्यावर मी एक्स्चेंजच्या जिन्यात उभी राहिले. तुझी सोबतीण खाली आली तशी मी तिला म्हणाले, "तुमच्यामुळे माझ्या आईला आबा भेटले नाहीत. तुम्हाला झोप येते का?" ती भिंतीला टेकली. तिची पर्स हातातून पडली, पण तिने ती उचलली नाही. आणि वरच्या पायरीवर तू उभी होतीस.

तू मला आयुष्यात एकदाच मारलंस, आई. त्या दिवशी नाही. त्या दिवशी तू फक्त माझा दंड धरलास आणि घरापर्यंत सोडला नाहीस. स्वयंपाकघरात आल्यावर म्हणालीस, "तिने मुद्दाम केलं?"

"नाही, पण..."

"मग तिला तू काय नवीन सांगितलंस? तिला ते तुझ्याआधी माहीत आहे. तिच्याकडून एकदा चूक झाली. तू तिला ती परत परत करायला लावशील का आता, रोज जिन्यात उभी राहून?"

मी म्हणाले, "तुला राग नाही आला?" तू पीठ मळायला घेतलं होतंस. हात थांबले. "येतो ना. का नाही येणार? माझे वडील होते ते. पण थोड्या वर्षांनी ती नसेल, मी नसेन. तेव्हा हा राग कोण सांभाळणार आहे? तू?" आता मी छप्पन्न वर्षांची आहे, सरकारी शाळेत मोठी मॅडम आहे, पोरींना रोज माफी मागायला आणि द्यायला लावते. आणि तरी सांगते, तुझं ते बोलणं मला कित्येक वर्षं थंड वाटत आलं. दगडाचं काळीज करून बसायचं आणि त्याला समजूतदारपणा म्हणायचं, असं.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. तीन वर्षांपूर्वी हे गेले. एप्रिल होता. मला खंडव्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शेवटच्या दिवशी धाकटा मोटर दुरुस्तीला टाकायला गावात आला होता, तो जेवायला आमच्या घरी थांबला. दोघं जेवायला बसणार, तर ह्यांच्या छातीत जळजळ व्हायला लागली. ह्यांना पित्ताचा त्रास होताच, तुला आठवत असेल, लग्नातसुद्धा खिशात गोळी होती. धाकट्याने सोडा करून पाजला, पंख्याखाली झोपवलं आणि जवळ बसून राहिला. ह्यांचा डोळा लागला, त्याला वाटलं बरं वाटलं. तीनच्या सुमाराला चहा करून उठवायला गेला, तर हे उठले नाहीत.

तेराव्याला सगळे जमले होते. मोठे दीर धाकट्याला माझ्यासमोरच बोलले. "अरे, छातीत दुखणाऱ्या माणसाला कोणी झोपवतं का? दवाखाना चार पावलांवर. बरं, तुला कळलं नाही समजू. निदान हिला एक फोन तरी करायचा होतास! ही लगेच म्हणाली असती, दवाखान्यात न्या." धाकटा भिंतीशी उकिडवा बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग सतरंजीकडे बघत म्हणाला, "सुचलं नाही."

आई, त्याने फोन केला होता.

बारा वाजून गेले होते. मी जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभी होते. तो म्हणाला, "ताई, दाजींच्या छातीत जळजळ होतेय. घाम पण येतोय खूप. दवाखान्यात नेऊ का?" रांग पुढे सरकत होती. मागची बाई मला कोपराने ढकलत होती. मी म्हणाले, "अरे, त्यांचं नेहमीचंच आहे. घाम काय, ऊन किती आहे बघ. सोडा पाज आणि पडू दे. मी संध्याकाळी येतेच आहे." आणि मी भात वाढून घेतला. मला आठवतं, डाळ चांगली होती, मी दोनदा घेतली.

त्या बैठकीत मी तोंड उघडायला हवं होतं. पाणी प्यायचं निमित्त करून आत जायलाही वेळ होता मला, विचार करायला. मी तिथेच बसून राहिले, डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मला नुकती वैधव्याची साडी दिली होती, बायका पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्या भावाने सगळ्यांदेखत माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी ती घेऊ दिली.

पुढचं तर आणखी विचित्र आहे. त्याचे आभार मानणं दूर राहिलं, मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो समोर आला की मला ती रांग आठवायची. आधी मला त्याच्याकडे बघवेना म्हणून बोलत नव्हते. मग लोक म्हणायला लागले की बरोबर आहे तिचं, कशी बोलेल बिचारी. मग हळूहळू माझं मलाच खरं वाटायला लागलं. वाटायचं, समोर तर तो होता ना, चेहरा त्याला दिसत होता, मला नव्हता दिसत. त्याने ऐकायचं नव्हतं माझं. असं रोज थोडं थोडं करत मी त्याला दोषी करून टाकलं. राखीला तो यायचा. मी खिडकीतूनच म्हणायचे, "बरं नाही मला." भाऊबीजेला यायचा, फाटकावर केळीची फणी ठेवायचा, थोडा उभा राहायचा आणि गाडीला किक मारायचा. आम्हाला मूल नाही. बाबा गेले, तू गेलीस, हे गेले. माझ्या रक्ताचं म्हणावं असं जे एकच माणूस उरलं, त्याला मी फाटकाबाहेर उभं केलं. केळी पिकून काळी पडायची. एकटीने किती खाणार? शेजारणींना वाटली तर त्या विचारायच्या, कुणी आणली. म्हणून मी ती गायीला घालायचे.

तर गुरुवारी तुझी सोबतीण म्हणाली, "बस ना बेटा, नंबरला टाइम आहे." मी बसले. मला जिन्यातलं आठवून कानशिलं तापली होती. मी म्हणाले, "मावशी, मी लहानपणी तुम्हाला फार बोलले होते." तिने हवेतच हात हलवला. "ते सोड. पोरगी होतीस. पण तुझ्या आईने मला जे सांगितलं ते कोणी सांगितलं नसतं." मी विचारलं, काय. ती म्हणाली, "रावेरहून आली ना, त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या घरी आली. मी तर मरूनच गेली असती तिला बघून. ती उभीच राहिली, बसली नाही. म्हणाली, कापसाच्या दिवसांत तुझ्या खुर्चीवर मी असते तर मी पण विसरले असते. उद्या मी येतेय कामावर, तू पण ये, सुट्टी टाकू नको. फक्त आठ दिवस माझ्याकडे बघू नको आणि मला तुझ्याकडे बघायला लावू नको. माझ्याने होणार नाही. आठ दिवस सांभाळून घे, मग मी बोलते." मावशी चष्म्याखालून डोळे पुसायला लागली. डॉक्टरांनी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं तरी. "आणि नवव्या दिवशी डबा उघडला, मला म्हणाली, घे, मेथी आहे."

आई, मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं तुला जमतच होतं सगळं, जन्मतःच. उंबऱ्यावर बसून तू रोज स्वतःला जे समजावत होतीस ते तुला येत नव्हतं म्हणूनच समजावत होतीस, हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. तुला आठ दिवस लागले आणि ते तू तिला तोंडावर सांगितलंस. मला तीन वर्षं झाली, आणि माझ्याकडे तर माफ करायला समोरच्याची चूकही नव्हती.

काल शाळा सुटल्यावर शेअर ऑटो धरून दापोऱ्याला गेले. धाकटा ओट्यावर बसून पाईपचं काहीतरी जोडत होता. मला बघून उठला. हात मातीचे, ते कुठे पुसावे त्याला कळेना. "ताई, तू? तबियत बरी आहे ना? उन्हात काय उभी, आत ये ना." केस पांढरे झालेत त्याचे, आई. तुझ्या धाकट्याचे. भावजय आतून आली, तिने पाणी दिलं. मी पाणी प्यायले आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "ह्याने त्या दिवशी मला फोन केला होता. दवाखान्यात नेऊ का म्हणून विचारलं होतं. घामाचंही सांगितलं होतं. मीच नको म्हणाले."

धाकटा म्हणाला, "ताई, राहू दे ना. कशाला आता?"

"मला बोलू दे."

भावजय ऐकत उभी राहिली. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तीन वर्षं, ताई," ती म्हणाली. "माझ्या माहेरची माणसं पण ह्यांना बोलली. लग्नाकार्यात हे मागे जाऊन बसतात. आणि तुम्ही ऐकत बसल्या." तिने माझ्या हातातला पेला घेतला आणि आत गेली. परत बाहेर आली नाही. तिचं बरोबर आहे. मी पोटभर रडेन आणि ती मला जवळ घेईल, असं काहीतरी मी वाटेत ठरवलेलं होतं. तसं काही झालं नाही.

धाकटा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. दोन्ही बाजूला केळी, मधून पाण्याचा पाट. मी विचारलं, "तू बोलला का नाहीस रे तेव्हा?" तो म्हणाला, "तुझ्याकडे बघितलं ना मी. तुझ्यावर आधीच किती होतं. त्यात हे कुठे टाकू? आणि तू सांगितलं म्हणून मी ऐकलं असं नाही ताई. मला पण तेच वाटलं होतं, की पित्त आहे. दोघांना तेच वाटलं. दाजींना स्वतःला तेच वाटलं." मग ऑटोला हात करून तो म्हणाला, "त्याचं मला काही नाही. पण तू बोलायला पाहिजे होतं माझ्याशी. ते लागलं." एवढंच. माझी पिशवी त्याने माझ्या पायाशी नीट ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाला, हळू ने.

त्याला तू कधी एक्स्चेंजवर नेलं नाहीस. सकाळी तो झोपलेला असायचा. तुझं ते बोलणं सगळं मी ऐकलं, रोज, केस विंचरून घेता घेता. त्याने एकही शब्द ऐकला नाही आणि त्याला ते येतं.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. पण तुला अर्धं सांगून उठणं बरं नाही, म्हणून हेही सांगते. आज सकाळी मी मोठ्या दिरांकडे गेले होते. त्यांना सांगायचं, त्यांनी मग बाकीच्यांना सांगायचं, असं ठरवूनच गेले होते. जाऊबाईंनी मऊ गादीवर बसवलं, आलं घालून चहा केला, आणि दीर म्हणाले, "तू काळजी करू नकोस, तुझ्या भावाने जे केलं ते केलं, आम्ही आहोत." मी चहा घेतला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा परत घेतला. आणि काही न सांगता घरी आले. त्या घरात मला अजून बिचारी म्हणतात, आई. ते ऐकायला मला बरं वाटतं.